विमा कशाचा काढायचा? मनीषनगरातल्या एका समजुतीचा प्रतिवाद

विमा म्हणजे फुकट गेलेले पैसे, ही समजूत नागपूरच्या मध्यमवर्गीय वस्त्यांत इतकी मुरली आहे की ती तपासून पाहावी असेही कुणाला वाटत नाही. वर्धा रोडवरून रेल्वेमार्ग ओलांडला की लागणारे आणि पुढे बेसा-बेलतरोडीपर्यंत पसरत गेलेले मनीषनगर घ्या. फ्लॅट स्कीम, तळमजल्यावर पार्किंग, रस्त्याकडेला किराणा, मेडिकल, कपड्यांची आणि मोबाइलची दुकाने, आणि प्रत्येक घरामागे एक-दोन दुचाक्या. इथल्या कुटुंबांनी आयुष्याची कमाई तीन ठिकाणी गुंतवलेली असते : घरात, गाडीत आणि असलाच तर छोट्या धंद्यात. पण विम्याचा विषय निघाला की चार विधाने ठरलेली. नुकसान झाले नाही तर हप्ता बुडतो. नागपुरात मोठी आपत्ती येत नाही, आणि आलीच तर सरकार मदत करते. गाडीचा इन्शुरन्स कायद्याने लागतो म्हणून काढायचा, तो जितका स्वस्त तितका बरा. आणि शेवटचे, सर्वांत जोरात सांगितले जाणारे : कंपन्या वेळेवर पैसे देतच नाहीत. या चारही विधानांत थोडेथोडे तथ्य आहे, म्हणूनच ती टिकून आहेत. पण त्यांच्या मुळाशी एकच चूक आहे. आपण विम्याकडे हप्त्याच्या बाजूने पाहतो. जे नुकसान आपल्याला झेपणारच नाही ते कोणते आणि ते किती, हा प्रश्न आपण विचारत नाही. विम्याचा निर्णय त्या प्रश्नापासून सुरू व्हायला हवा, आणि तसा तो सुरू केला की चारही विधानांचे रूप पालटते.

पहिल्या विधानापासून सुरुवात करू. हप्ता बुडतो म्हणणाऱ्याने मनातल्या मनात विम्याला मुदतठेवीच्या रांगेत उभे केलेले असते. आयुर्विम्याच्या एंडोमेंट आणि मनीबॅक योजना पिढ्यानपिढ्या घरोघरी विकल्या गेल्या, त्यामुळे मुदत संपली की पैसे परत मिळाले पाहिजेत अशी अपेक्षा आपल्या अंगवळणी पडली. घराचा, गाडीचा किंवा दुकानाचा विमा हा बचतीचा प्रकारच नव्हे. हजारो लोकांनी थोडी थोडी रक्कम एकत्र केली, त्यांच्यापैकी मोजक्या लोकांवर कोसळलेले मोठे नुकसान त्या रकमेतून भरून निघाले, असा तो व्यवहार आहे. ज्याचे नुकसान झाले नाही त्याला वर्षभर ती हमी मिळाली, आणि हमीचीच किंमत त्याने मोजली. या व्यवहाराचा स्वभाव ओळखला की एक साधा नियम हाती येतो. जे नुकसान महिन्याच्या मिळकतीतून किंवा शिल्लक पुंजीतून भरता येते, त्याचा विमा काढण्यात फारसे शहाणपण नाही, कारण हप्त्यात कंपनीचा खर्च आणि नफा धरलेलाच असतो. जे नुकसान भरायला घर विकावे लागेल किंवा वीस वर्षे कर्ज फेडावे लागेल, त्याचा विमा न काढणे मात्र मोठे धाडस आहे. आपल्याकडे व्यवहार नेमका उलटा चालतो. मोबाइलच्या काचेचा विमा दुकानदाराने सुचवताच घेतला जातो आणि त्याच कुटुंबाच्या फ्लॅटचा एक रुपयाचाही विमा नसतो.

हे एकट्या मनीषनगरचे चित्र नाही. विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाच्या २०२३-२४ च्या अहवालानुसार सकल देशांतर्गत उत्पादनाच्या तुलनेत विमा हप्त्यांचे प्रमाण ३.७ टक्के होते. त्यातला आयुर्विम्याचा वाटा २.८ टक्के, आणि आरोग्य, वाहन, आग, पीक अशा बाकीच्या सगळ्या विम्याचा मिळून जेमतेम १ टक्का. त्या एका टक्क्यातही आरोग्य आणि वाहन यांचाच भाग मोठा. घराचा विमा हा आपल्या देशात जवळजवळ अनोळखी प्रकार राहिला आहे. त्याचे कारण गरिबी म्हणावे, तर पन्नास-साठ लाखांचा फ्लॅट घेणाऱ्या कुटुंबाला ते लागू पडत नाही. कारण समजुतीत आहे.

दुसरे विधान नागपूरच्या भूगोलाचा आधार घेते. समुद्र लांब, वादळे पोचत नाहीत, भूकंपाच्या नकाशावरही शहर कमी जोखमीच्या भागात येते. हे सगळे खरे असूनही २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट या विधानाला पुरेसे उत्तर देऊन गेली. काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचे पाणी अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउटपासून सीताबर्डीच्या मोरभवन बसस्थानकापर्यंत घुसले. लष्कराला आणि आपत्ती प्रतिसाद दलांना नागपूरच्या भरवस्तीतून होड्यांनी माणसे काढावी लागली. ही झोपडपट्टी नव्हती, शहरातली जुनी, महागडी, पक्क्या बांधकामाची वस्ती होती. तळमजल्यावरचे फर्निचर, फ्रिज, धुलाई यंत्रे, कागदपत्रे आणि अंगणातल्या गाड्या काही तासांत चिखलात गेल्या. पुढच्याच वर्षी, जुलै २०२४ मध्ये, मुसळधार पावसाचे पाणी दक्षिण नागपूरच्या वस्त्यांत शिरले. रेल्वेखालचे भुयारी मार्ग पावसात तुंबतात हे तर मनीषनगर आणि नरेंद्रनगरच्या लोकांना कुणी सांगायला नको. आणि पूर बाजूला ठेवला तरी आग राहतेच. ज्या शहरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, घरोघरी कूलर आणि एसी रात्रंदिवस चालतात, पार्किंगमध्ये विजेच्या दुचाक्या चार्जिंगला लावलेल्या असतात, तिथे शॉर्टसर्किटचा धोका तिसऱ्या मजल्यावरच्या माणसालाही तळमजल्याइतकाच असतो.

सरकार मदत करते, हा या विधानाचा दुसरा भाग. २०२३ च्या पुरानंतर राज्य सरकारने मदत जाहीर केली, आणि ती तातडीने जाहीर केली हे मान्य केले पाहिजे. पण आकडे पाहा. बाधित कुटुंबाला १० हजार रुपये, दुकानाला ५० हजारांपर्यंत, टपरीला १० हजार. सरकारी मदतीचा हेतूच मुळी माणसाला पहिले काही दिवस तगवण्याचा असतो. घरातले धान्य, कपडे, भांडी वाहून गेली तर चूल पेटावी एवढी ती रक्कम. एका फ्रिज-धुलाई यंत्राच्या जोडीची किंमतही १० हजारांत बसत नाही. लाखो लोकांच्या करातून येणाऱ्या मदतीने प्रत्येकाचे संपूर्ण नुकसान भरून द्यावे अशी अपेक्षा कुठल्याच सरकारकडून पुरी होणार नाही. ज्याने घरावर पन्नास लाख खर्च केले आणि संरक्षणासाठी १० हजारांच्या मदतीवर भिस्त ठेवली, त्याच्या हिशेबात मोठी फट आहे.

ती फट बुजवायला किती खर्च येतो, हे कळल्यावर आश्चर्य वाटेल. १ एप्रिल २०२१ पासून नियामक संस्थेने घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकसारखी पॉलिसी सर्व कंपन्यांना लागू केली आहे. आग, वीज, पूर, वादळ, भूकंप, दरड, दंगल, वाहन धडकणे, पाण्याची टाकी किंवा नळ फुटून होणारे नुकसान, हे सगळे तिच्या मूळ स्वरूपातच येते. विमा रक्कम ठरते ती बांधकामाच्या खर्चावरून. इथे बहुतेकांची गल्लत होते. ६० लाखांचा फ्लॅट म्हणजे ६० लाखांचा विमा असे धरून लोक हप्त्याचा अंदाज बांधतात आणि दचकतात. पण त्या ६० लाखांत जमिनीची आणि जागेच्या मोक्याची किंमत असते, आणि जमीन जळत नाही की वाहून जात नाही. समजा फ्लॅटचे चटईक्षेत्र ८०० चौरस फूट आहे आणि आज तसे बांधायला फुटामागे २,२०० रुपये लागतात, तर विमा काढायचा तो १७ लाख ६० हजारांचा. या पॉलिसीत घरातल्या सामानासाठी बांधकामाच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, संरक्षण आपोआप मिळते. म्हणजे या उदाहरणात साडेतीन लाखांचे सामान त्याच हप्त्यात आले. विमा रक्कम थोडी कमी धरली गेली म्हणून दावा कापण्याची पद्धतही या पॉलिसीत काढून टाकली आहे. या सगळ्याचा वर्षाचा हप्ता बहुतेक फ्लॅटधारकांना एका महिन्याच्या मेंटेनन्सपेक्षा जड जात नाही.

यात काय येत नाही, तेही तितकेच स्पष्ट सांगितले पाहिजे, कारण पुढचे बरेच तंटे तिथे उभे राहतात. भिंतीत वर्षानुवर्षे मुरणारी ओल, गच्चीची गळती, जुनाट वायरिंगची झीज ही देखभालीची कामे आहेत, विम्याची नव्हेत. आग किंवा पुराच्या घटनेनंतर सात दिवसांत झालेली चोरी या पॉलिसीत येते, एरवीच्या घरफोडीसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. दागिन्यांसारख्या मौल्यवान वस्तू वेगळ्या नोंदवाव्या लागतात. शिवाय फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने आणखी एक प्रश्न विचारायला हवा : इमारतीचा विमा आहे का? गृहनिर्माण सहकारी संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये इमारतीचा विमा हे संस्थेचे कर्तव्य मानले आहे. नागपुरातल्या अनेक स्कीम महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा, १९७० खाली नोंदलेल्या आहेत. त्या कायद्यातही फ्लॅटधारकांच्या बहुमताने मागणी केल्यास व्यवस्थापनाने सामायिक विमा उतरवावा अशी तरतूद आहे, आणि त्यामुळे कुणाचाही स्वतंत्र विमा काढण्याचा हक्क जात नाही. जिना, लिफ्ट, पंप, टाकी, मीटर बोर्ड हे कुणा एकाचे नसतात. त्यांचे नुकसान झाले की वर्गणी मात्र प्रत्येकाच्या माथी येते. वार्षिक सभेत रंगकामावर तासभर चर्चा होते, तिथे या विषयाला दहा मिनिटे द्यायला काय हरकत आहे?

तिसरे विधान गाडीचे, आणि तिथे चूक सर्वांत महाग पडते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. तो नसताना गाडी चालवली तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. लोकांच्या डोळ्यांपुढे हा दंडच असतो. चौकात पोलिसाने अडवले तर दाखवायचा कागद, एवढीच त्या विम्याची ओळख. संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीने २०२४ मध्ये नोंदवले की देशातल्या रस्त्यांवरची निम्म्याहून अधिक वाहने विम्याविना आहेत. हा आकडा किती गंभीर आहे, ते कळायला अपघाताच्या भरपाईचे गणित मांडून पाहावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा खटल्यात २००९ मध्ये आणि प्रणय सेठी खटल्यात २०१७ मध्ये त्याचे सूत्र घालून दिले आहे. समजा महिना २५ हजार कमावणारा, स्वतःचा धंदा असलेला तिशीचा माणूस दुचाकीच्या धडकेने दगावला आणि त्याच्यावर चारजण अवलंबून होते. वार्षिक उत्पन्न ३ लाख. भविष्यातल्या वाढीपोटी ४० टक्के धरून ४ लाख २० हजार. त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा जाऊन ३ लाख १५ हजार. या वयाला गुणक १७. भरपाई झाली ५३ लाख ५५ हजार, आणि त्यावर अंत्यविधी वगैरेंच्या ठराविक रकमा व व्याज वेगळे. विमा असेल तर मृत्यू किंवा इजेपोटीची ही रक्कम कितीही मोठी असली तरी कंपनी भरते. नसेल तर ती गाडीच्या मालकाकडून, त्याच्या पगारातून आणि मालमत्तेतून वसूल होते. ७५ ते १५० सीसीच्या नेहमीच्या दुचाकीचा थर्ड पार्टी हप्ता जून २०२२ च्या दरपत्रकानुसार वर्षाला ७१४ रुपये आहे. ७१४ रुपये वाचवण्यासाठी अर्ध्या कोटीची टांगती जबाबदारी स्वीकारण्याला काटकसर म्हणता येणार नाही. आणि यात दुसऱ्याच्या लेकराबाळांचाही प्रश्न आहे. विम्याविना गाडी चालवणारा मालक कफल्लक निघाला, तर मेलेल्याच्या घरच्यांच्या हाती न्यायालयाचा निकाल उरतो, पैसे नाही.

थर्ड पार्टी विमा आपल्या स्वतःच्या गाडीला मात्र काहीच देत नाही, आणि याच जागी अनेकजण फसतात. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा आणि नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा खरेदीच्या वेळीच घ्यावा लागतो. त्याच्यासोबत स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण बहुधा एकाच वर्षाचे दिलेले असते. वर्ष संपते, ते संरक्षण संपते, आणि मालक मात्र ‘आपला इन्शुरन्स पाच वर्षांचा आहे’ या भरवशावर राहतो. पार्किंगमध्ये पाणी शिरून स्कूटर बंद पडली किंवा चोरीला गेली, की मग पॉलिसीवरची दुसरी तारीख वाचली जाते. स्वतःच्या नुकसानीचा वेगळा विमा २०१९ पासून कुठल्याही कंपनीकडून घेता येतो, ज्याच्याकडे थर्ड पार्टी आहे त्याच्याकडूनच घेण्याची सक्ती नाही. कारच्या बाबतीत आणखी एक अट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा पुन्हा सेल मारून चालू करायचा प्रयत्न केला आणि पाणी इंजिनात ओढले गेले, तर ते नुकसान नेहमीच्या पॉलिसीत नाकारले जाते. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे जोड कलम लागते. तुंबलेल्या भुयारी मार्गातून रोज जा-ये करणाऱ्याला त्या कलमाचे मोल कळले पाहिजे, आणि तेवढ्याच स्पष्टपणे हेही कळले पाहिजे की पाण्यात बंद पडलेली गाडी सेल न मारता ओढून न्यावी.

मग विक्रेता सुचवील ते प्रत्येक जोड कलम घ्यावे काय? अजिबात नाही, आणि इथे आपला नियम दुसऱ्या बाजूनेही लागू होतो. किरकोळ नुकसान स्वतः सोसावे. बंपरवर ओरखडा आला, चार हजारांचे काम निघाले, की क्लेम टाकायचा ही सवय तोट्याची आहे. पाच वर्षे क्लेम न घेतलेल्याला स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात ५० टक्के सूट मिळते. हिशेब सोपा राहावा म्हणून मूळ हप्ता दरवर्षी १० हजार धरा. एक क्लेम घेतला की पुढच्या वर्षी सूट शून्यावर येते आणि मग २०, २५, ३५, ४५ अशी पायरीपायरीने पुन्हा चढते. या पाच वर्षांत गमावलेली सूट अनुक्रमे ५,०००, ३,०००, २,५००, १,५०० आणि ५०० रुपये, एकूण १२,५०० रुपये. चार हजारांच्या कामासाठी साडेबारा हजार मोजले गेले. ही सूट गाडीला नसून मालकाला असते, जुनी गाडी विकून नवी घेतली तरी ती सोबत नेता येते, हेही अनेकांना ठाऊक नसते. म्हणून मोठ्या नुकसानीसाठी पुरेपूर संरक्षण आणि छोट्या नुकसानीसाठी स्वतःची शिल्लक, ही विभागणी हप्ताही कमी ठेवते आणि झोपही शांत लागू देते.

छोट्या व्यावसायिकाची गोष्ट याहून नाजूक आहे, कारण त्याचे घर आणि धंदा एकाच पुंजीवर चालतात. पाच कोटींपर्यंतची मालमत्ता असलेल्या दुकानांसाठी आणि कारखान्यांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पॉलिसी २०२१ पासूनच उपलब्ध आहे. पण दुकानदार ती घेतो तेव्हा बहुधा बँकेच्या कर्जाएवढीच घेतो, कारण विमा मागितलेला असतो बँकेने. समजा दुकानात २० लाखांचा माल आहे आणि विमा १० लाखांचा. आगीत ४ लाखांचा माल जळाला. दुकानदाराला वाटते, १० लाखांच्या विम्यातून ४ लाख सहज मिळतील. मिळतात त्यातले निम्मे, म्हणजे २ लाख, आणि त्यातूनही ठरलेली वजावट जाते. निम्म्या मालाचाच विमा होता, म्हणून निम्मे नुकसान त्याचे स्वतःचे. सूक्ष्म उद्यमाच्या पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे, त्यापलीकडे हे प्रमाण लागू होते. दिवाळीच्या किंवा लग्नसराईच्या आधी माल दुपटीने भरला जातो आणि विमा उन्हाळ्यातल्या साठ्याएवढाच राहतो, तेव्हा दुकानदार नकळत या कात्रीत सापडतो. त्याच दुकानातून खासगी नोंदणीच्या गाडीने भाड्याने माल पोचवला जात असेल, तर अपघाताच्या वेळी वापराच्या अटीवरून स्वतःच्या नुकसानीचा दावा अडतो. दुकान बंद राहिलेल्या महिन्यांचा बुडालेला नफा मूळ पॉलिसीत येत नाही, तोही वेगळा मागावा लागतो. कागदावरच्या या तीन ओळी कुणी आधी समजावून सांगितल्या असत्या, तर कितीतरी दुकानदारांचा ‘कंपनीने फसवले’ हा अनुभव टळला असता.

आता चौथे आणि सर्वांत वजनदार विधान : कंपन्या देतच नाहीत. याला आकड्यांनी एक उत्तर देता येते. नियामक संस्थेच्या अहवालांनुसार अलीकडच्या वर्षांत सर्वसाधारण विमा कंपन्यांचा दाव्यांवरचा खर्च निव्वळ हप्त्याच्या शंभर रुपयांमागे ८० रुपयांहून अधिक राहिला आहे. ‘देतच नाहीत’ हे म्हणणे त्यामुळे टिकत नाही. पण एवढ्यावर समाधान मानणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्या सरासरीत आरोग्य आणि वाहन विमा मोठ्या प्रमाणात आहे, आणि सरासरी कितीही चांगली असली तरी ज्याचा रास्त दावा नाकारला गेला त्याला तिचा काय उपयोग? विक्रीच्या वेळी गोड बोलून अटी लपवल्या जातात, सर्व्हेअर उशिरा येतो, एकामागून एक कागद मागितले जातात, आणि कंटाळून माणूस मिळेल त्या रकमेवर सही करतो. ही तक्रार खरी आहे. तिच्यातून निघणारा निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. रेशन दुकानदार माप मारतो म्हणून कुणी धान्य खाणे सोडत नाही, मापाकडे लक्ष ठेवतो. विमा न काढणाऱ्याला नुकसानीचे शंभर टक्के न मिळण्याची खात्री असते. विमा काढलेल्याकडे निदान हक्क असतो, आणि तो वसूल करण्याच्या वाटा आज पूर्वीपेक्षा मोकळ्या आहेत.

त्या वाटा कोणत्या? नियामक संस्थेच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार दावा नोंदवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमला गेला पाहिजे, त्याचा अहवाल १५ दिवसांत आला पाहिजे आणि त्यानंतर ७ दिवसांत कंपनीने निर्णय दिला पाहिजे. जे कागद पॉलिसी देतानाच मागायला हवे होते, ते नाहीत या सबबीवर दावा फेटाळता येत नाही. पॉलिसीचा गोषवारा सोप्या भाषेत ग्राहकाला देणेही बंधनकारक आहे. कंपनीने एका महिन्यात दाद दिली नाही तर विमा लोकपालाकडे वर्षभरात जाता येते. त्याला शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात. नागपूर हे पुण्याच्या लोकपाल कार्यालयाच्या अखत्यारीत येते. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, ग्राहकाला तो पटला नाही तर पुढचा मार्ग खुला राहतो. ग्राहक आयोग आहेच. न्यायालयांची भूमिकाही दुकानदारांनी समजून घ्यावी अशी आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये टेक्स्को मार्केटिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे तळघरातल्या दुकानाचा प्रश्न होता. कंपनीने दुकान पाहून विमा दिला आणि आग लागल्यावर ‘तळघराला विमा लागू नाही’ या कलमावर बोट ठेवले. न्यायालयाने ते कलम ग्राह्य धरले नाही. जानेवारी २०२० मध्ये गुरशिंदर सिंग खटल्यात वाहन चोरीची फिर्याद लगेच दिलेली असेल, तर कंपनीला कळवायला उशीर झाला एवढ्यावरून दावा नाकारता येणार नाही, असे ठरले. या निकालांचा लाभ कुणाला होतो? ज्याच्या हातात पॉलिसी आहे, बिले आहेत, पंचनाम्याची प्रत आहे, त्याला.

दोन आक्षेप उरतात. पहिला असा की पूर येतो तो तुंबलेल्या नाल्यांमुळे, नदीपात्रातल्या बांधकामांमुळे, मग नागरिकाने विम्याचा भुर्दंड का सोसावा? हा आक्षेप न्यायाचा आहे. अंबाझरीच्या पुरानंतर रहिवाशांनी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका केली, ती योग्यच होती, आणि महापालिकेला जाब विचारणे थांबवण्याचे काहीच कारण नाही. पण जबाबदारी ठरायला वर्षे लागतात आणि भिजलेला माल दुसऱ्या दिवशी फेकावा लागतो. जाब विचारायचा आणि विमाही काढायचा, या दोन्ही गोष्टी एकाच नागरिकाने करायच्या आहेत. दुसरा आक्षेप खर्चाचा. घर, गाडी, दुकान आणि आरोग्य, एवढे हप्ते मध्यमवर्गाने भरायचे कुठून? सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला, घराच्या आणि दुचाकीच्या विम्यावर मात्र तो अजूनही १८ टक्के आहे. पुराच्या छायेत राहणाऱ्या लहान घराच्या विम्यावर सरकारने कर घ्यावा हे अन्यायाचे आहे, आणि तो काढून टाकण्याची मागणी जोराने झाली पाहिजे. तोवरही कुटुंबाच्या हाती एक उपाय आहे : क्रम बदलणे. मोबाइलचा विमा, किरकोळ जोड कलमे, परताव्याचे आमिष दाखवणाऱ्या योजना यांवर जाणारे पैसे एका जागी मांडून पाहिले, तर घराचा हप्ता बहुधा त्यातूनच निघतो.

म्हणून मनीषनगरातल्या आणि त्यासारख्या प्रत्येक वस्तीतल्या कुटुंबाला विनंती आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी एका संध्याकाळी घरातल्या सगळ्या पॉलिसी बाहेर काढा. गाडीच्या कागदावर थर्ड पार्टीची आणि स्वतःच्या नुकसानीची अशा दोन वेगळ्या तारखा पाहा. फ्लॅटचे चटईक्षेत्र आणि बांधकामाचा आजचा दर गुणून विमा रक्कम ठरवा आणि निदान दोन कंपन्यांकडून हप्ता विचारा. दुकानात सर्वाधिक माल कोणत्या महिन्यात असतो तो आकडा धरून विमा करा. घरातल्या सामानाचे फोटो आणि बिले घराबाहेरच्या एखाद्या ठिकाणी किंवा नातेवाइकाच्या फोनवर जपून ठेवा. आणि जे एजंट फक्त हप्ता किती ते सांगतात, त्यांना एकच प्रश्न विचारा : या पॉलिसीत काय मिळणार नाही? ज्याला याचे सरळ उत्तर देता येत नाही, त्याच्याकडून विमा घेऊ नका. पण विमा घ्या.